दादासो हवालदारांची ‘हार्डली’

दादासो हवालदार चोवीस वर्षं फौजेत काढून उंब्रजला परतले ते पेन्शन, गुडघेदुखी आणि इंग्रजी घेऊन. पहिल्या दोन गोष्टी गल्लीत बऱ्याच जणांकडे होत्या. इंग्रजी मात्र एवढं खणखणीत, की ऐकणाऱ्याला सॅल्यूट ठोकावासा वाटे.

कुणाला नोकरीसाठी शिफारसपत्र हवं असलं की दादासो स्वहस्ते लिहून, खाली शिक्का मारून देत : ‘ऑनेस्ट बॉय. वर्क्स हार्डली.’ नुसतं ‘हार्ड’ त्यांना कोरडं वाटे. ‘क्विक’ला ‘ली’ लागते, ‘स्लो’ला लागते, मग ‘हार्ड’नं काय घोडं मारलंय?

एकदा पुतणी शिवांजली स्वतःसाठी पत्र मागायला आली. कऱ्हाडला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. दादासोंनी लिहिलेलं वाचता वाचता ती थबकली.

“नाना, ह्ये काय लिवलंयसा?”

“का? स्पेलिंग चुकलं?”

“स्पेलिंग बरोबर हाय, पर माझं वाटोळं हाय. हार्डली म्हंजी जवळजवळ न्हाईच. पोरगी कामाला हात लावत न्हाई, असं झालं की!”

“आन् हार्ड?”

“हार्ड म्हंजी कष्टानं, जीव लावून. त्याला ली लागत न्हाई.”

दादासोंना जुने दिवस आठवले. फौजेत रोज सकाळी साहेब विचारायचे, कसं काय चाललंय? आणि हे टाचा जुळवून ओरडायचे, “वर्किंग हार्डली, सर!” साहेब गालात हसायचे. दादासोंना वाटायचं, कौतुकानं. आता त्यांची कानशिलं तापली.

“तरीच मी हवालदाराचा नायब सुभेदार झालो न्हाई,” ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना शिव्या घालत त्यांनी स्कूटी काढली आणि पत्र दिलेल्या अकरा पोरांची घरं पालथी घातली. त्यातल्या जोतीरामच्या आईनं, रंगुबाईंनी, तर दारातच ऐकवलं, “तरी म्हनलं, कारखान्यातला सायेब पत्र वाचून हसला कशापायी!” दादासोंनी मान खाली घालून नवं पत्र लिहून दिलं. महिन्याभरात जोतीरामला त्याच कारखान्यात काम लागलं.

मग गल्लीतल्या मानसिंगरावांचा मुलगा राजवर्धन पत्र मागायला आला. दहाला उठायचं, पारावर मोबाइल घेऊन लोळायचं आणि जेवायला तेवढं घरी जायचं, एवढाच त्याचा दिनक्रम. दादासोंनी बराच वेळ पेन चावलं, मग झरझर लिहिलं. शिवांजली डोकावली.

“नाना, पुन्यांदा हार्डली?”

“व्हय. ह्या खेपेला अर्थ समजून लिवलंय.”

“आवं, कोन कामावर घील त्याला?”

“मग काय सरकारी शिक्क्यानिशी खोटं लिवू?”

शिक्का सरकारी नव्हताच. गावच्या माजी सैनिक मंडळाचा होता. राजवर्धननं कागद न वाचताच घडी घालून खिशात कोंबला, “थँक्यू, नाना!” म्हणाला आणि जांभई देत पायऱ्या उतरला.