दुखत होती ती दाढ नव्हती

सातवीचा तास चालू असताना दाजींचा फोन आला. "सुमन गेली, लगेच ये," एवढंच म्हणाले. जयसिंगपूरहून कोल्हापूरला पोचेपर्यंत एस.टी.त मी मनाशी धरून होते, की अपघातच झाला असणार... कारण अक्का आजारी नव्हती. आज दीड महिन्यानं हे वाक्य लिहिताना लाज वाटते.

सुमनअक्का माझी थोरली बहीण. वय बावन्न. शिवाजी पेठेत पहिल्या मजल्यावर राहायची, घरातच शिवणकाम करायची. पेठेतल्या फुटबॉल संघांच्या जर्सीवरचे नंबर तिच्याच हातचे. खेळाडूंना ती नावानं ओळखायचीच नाही. "दहा नंबर वाळलाय गं, घरात जेवत न्हाय वाटतं," असं काळजीनं सांगायची.

गेल्या वर्षी दाजींच्या छातीत दुखलं, तेव्हा सगळं घर धावलं. ईसीजी, इको, रक्ताच्या तपासण्या... निघाला गॅस. दोन दिवस अक्का दवाखान्याच्या बाकावर डबा घेऊन बसून होती. पुढं दोनेक महिन्यांनी तिचा जबडा दुखायला लागला. दाताच्या डॉक्टरांनी दाढ काढली. दुखणं तसंच. मला फोनवर म्हणाली, "दाढ काढली तरी जिना चढलं की जबडा दुखतोय बघ. बसलं की थांबतंय." मी शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. मी म्हणाले, "जखम भरायला वेळ लागतो, अक्का."

मग दोन्ही खांद्यांच्या मधे पाठ धरायला लागली, तर म्हणे मशीनवर वाकून बसते म्हणून. धाप लागली, तर वजन वाढलंय. मळमळ, तर पित्त. वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि सांगितलं, "पाळी जायच्या वयात असं होतंच." पित्ताच्या गोळ्या दिल्या, झोपेच्या दिल्या. दाजींचा ईसीजी ज्या यंत्रावर काढला, ते त्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत होतं. तिला बीपी होतं, बाळंतपणात साखर वाढली होती, हेही त्यांच्याच कागदांत लिहिलेलं होतं. त्या सकाळी तिला दरदरून घाम आला. लिंबूपाणी पिऊन जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

नंतर हृदयाच्या डॉक्टरांना भेटलो. ते शांतपणे म्हणाले, बायकांना छातीतच कळ येईल असं नाही. जबडा, पाठ, मळमळ, धाप, न जाणारा थकवा, अशीही लक्षणं असतात. चढताना दुखतं आणि बसलं की थांबतं, हे वेळीच तपासलं असतं तर उपचार होते. मला त्यांचासुद्धा राग आला. इतकं साधं होतं, तर आमच्यापर्यंत कुणी का पोचवलं नाही? पुढच्या आठवड्यात मी स्वतःची तपासणी करून घेतली. बीपी वाढलेलं निघालं. रोज गोळी घेते, आणि रोज वाटतं, हे शहाणपण मला अक्काच्या जिवावर आलं.

परवा तिच्या घरी गेले. जिन्याच्या मधल्या वळणावर एक निळं प्लास्टिकचं स्टूल दिसलं. मागून अक्काची लेक पूजा येत होती. तिला विचारलं, हे इथं कशाला?

"आईनं ठेवलंय. वर येताना बसायची. मोबाईल बघत बसती असं वाटायचं आम्हाला."

"सांगायचं तरी होतं गं तिनं," मी म्हणाले.

"सांगितलं हुतं की, मावशी. सगळ्यांना."

मी त्या स्टुलावर बसले. तिथून तिच्या दारापर्यंत सात पायऱ्या उरतात.