शहाळं चालेल, म्हणाली मेघालीताई

केळव्यात बातमी अशी होती की मेघालीताईला काहीतरी लागलंय. पालघरच्या स्टँडवर ती खांबाशी बोलते. शेजारच्या ज्ञानेशकाकांनी स्वतः बघितलं आणि घरी येऊन काकूला सांगितलं, त्यांच्या त्या दबक्या आवाजात, जो तीन घरांपर्यंत जातो: "अगो, खांबाला विचारते, उलटी होते का, चक्कर येते का! आता खांब काय बोलनार?" दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लिंबू आणि मीठ घेऊन दारात हजर.

तर तसं काही नाही. मेघालीताई माझी चुलत बहीण. सहा वर्षांच्या फार्मसी कोर्सच्या पाचव्या वर्षाला आहे, आणि या वर्षी त्यांना वर्गात कमी बसवतात, हॉस्पिटलात जास्त उभं करतात. सकाळी पालघरच्या हॉस्पिटलात वॉर्डची पोस्टिंग. पेशंटचे कागद वाचायचे, कुठली गोळी कुठल्या गोळीशी भांडते ते बघायचं, आणि घरी जाणाऱ्या पेशंटला औषध कसं घ्यायचं, काय खायचं नाही, ते समजावायचं. दुपारी तिथून एसटीने बोईसर. भावेशभाईंच्या मेडिकलात दुकानाचं शटर पडेपर्यंत काउंटर. तिचे बाबा कंपनी बंद झाल्यापासून घरी आहेत, तेव्हा ताईची फी त्या काउंटरवरून निघते. अभ्यासाला म्हणून वेळ उरतो तो एसटीची वाट बघण्याचा. म्हणून खांब.

मी सोबत असले की खांबाला सुट्टी. माझं कॉलेज पालघरला आणि क्लास बोईसरला, त्यामुळे दुपारची एसटी आमची एकच. ताईला सरावासाठी पेशंट लागतात, आणि मला कुणाचाही आवाज काढायला निमित्त लागत नाही. मी मासवणचा म्हातारा होते: "बाय, ही गोली गरम परते, मी अर्धीच घेतंय." मी तारापूरच्या कंपनीतला कामगार होते: "दीदी, वो लाल वाली दो ना. नाम? नाम क्या मालूम, पिछली बार लाल थी." ताई सगळ्यांना समजावते, तोंडात पोळीचा घास, हातात एसटीचा दांडा. मधेच वाक्य अर्धं राहतं आणि मान छातीवर. मग मी खोकते, म्हाताऱ्याचा खोकला, आणि ती दचकून पुढचं वाक्य सुरू करते.

तिच्यावर दोन माणसांची करडी नजर होती. वॉर्डात स्नेहामॅडम, पोस्टिंग त्यांच्या हाताखाली. बोलताना प्रत्येक शब्द वेगळा ठेवतात, ट्रेमध्ये इंजेक्शनं ठेवावीत तसा: "मेघाली. तू. राउंडमध्ये. झोपलीस." आणखी एक चूक, की पोस्टिंग पहिल्यापासून, असं त्यांनी बजावलं होतं. पहिल्यापासून म्हणजे बरोबरीच्या मुली पुढे जाणार आणि ताईचं वर्ष मागे राहणार. आणि बोईसरला भावेशभाई, आधी गुजराती 'जो', म्हणजे 'बघ', मग बाकीचं: "जो मेघाली, चार म्हंजे चार हां. कंपनी सुटते, गिऱ्हाईक भिंतीला टेकून उभा नाय ऱ्हात." त्यांचीही ती शेवटची ताकीद. दोन्ही ताकिदी एकाच आठवड्यातल्या. ताई मला म्हणाली होती, "हेतल, मला फक्त ही पोस्टिंग निभावून नेऊ दे. मग मी एक अख्खा दिवस झोपेन." देव मी असल्यासारखी म्हणाली.

त्या दुपारी एसटी कोळगाव सोडून पुढे निघाली तेव्हा ताईने सकाळची केस सांगायला घेतली. एडवणच्या प्रेमलाआजी. हृदय कमजोर, किडनीही थकलेली, पायाला सूज, उद्या घरी सोडणार. गोळ्या अशा की रक्तातलं पोटॅशियम वाढवतात, आणि ते आधीच वरच्या टोकाला.

"समजावलंस?"

"हो ना. निघायच्या घाईत, पण समजावलं. आता तू आजी हो."

एडवणची आजी व्हायला मला काय लागतंय! ओठ आत घेतले, मान हलवली, आणि विचारलं, "पोरी, पन शहाला चालंल ना?"

हा प्रश्न मला सुचावा लागला नाही. आमच्या किनाऱ्यावर आजारी माणसाला बघायला रिकाम्या हाताने कुणी जात नाही. वाडीतलं शहाळं उतरवायचं, तासायचं, पिशवीत घालायचं. हॉस्पिटलच्या खाटेखाली चपला कमी आणि शहाळी जास्त.

मला वाटलं ताई झोपली. मी खोकले. ती माझ्याकडे बघत होती.

"तिने हेच विचारलं," ती म्हणाली. "अगदी हेच. आणि मी घड्याळाकडे बघत म्हटलं, चालेल की आजी, पी ना, शहाळ्याने काय होतंय."

"मग?"

"अगं, शहाळ्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं! तेच तर नको म्हणून मला तिच्याकडे पाठवलं होतं!"

काउंटरवर ती रोज हेच म्हणते. जुलाब झाले, शहाळं घ्या. ताप उतरला, शहाळं घ्या. लहानपणापासून आम्हाला तरी दुसरं काय पाजलंय? तोंडाला वळण पडलं होतं आणि डोकं झोपेत होतं.

तिने वॉर्डला फोन लावला. वाजत राहिला. स्नेहामॅडम दुपारी लेक्चर घेतात तेव्हा त्यांचा बंद असतो. तिसऱ्यांदा वॉर्ड. पुन्हा नुसतं वाजणं. उमरोळी आलं तशी ती उठली, कंडक्टर "अवो ताई, बोईसर यायचाय अजून!" म्हणेपर्यंत खाली. मी क्लास सोडून तिच्यामागे.

उलट्या दिशेच्या शेअर रिक्षात ताई सीटच्या टोकावर पुढे सरकून बसली होती. मी हळूच म्हटलं, "जाऊन आजीला सांग, पिऊ नका. बस. मॅडमना कशाला कळायला हवं? पुढची रिक्षा पकडलीस तर थोड्याच उशिराने दुकानात."

"पोटात गेलं असेल तर रक्त तपासावं लागेल. सांगावंच लागेल."

"नाही सांगणार तू. मी ओळखते तुला. मॅडमसमोर तुझा आवाज बाहेर पडत नाही. लाव पैज."

"काय?"

"हरेल तिने भावेशभाईंना फोन करायचा."

ती हसली नाही, पण तिने माझ्या हातावर हात मारला.

वॉर्डात आजी उशीला टेकून बसल्या होत्या, शहाळं मांडीवर, स्ट्रॉ तोंडात. शेजारी मुलगा ललित. ताईने सरळ जाऊन शहाळं काढून घेतलं. अर्धं संपलं होतं. ललित उठलाच.

"ओ म्याडम! सकाली तुमीच बोललाव ना चालंल म्हनून? आता आईच्या तोंडातला काढताव?"

नेमक्या स्नेहामॅडम दारात. लेक्चर संपवून आल्या होत्या. त्यांनी शहाळ्याकडे पाहिलं, मग आजींकडे. "हे. कोणी. प्यायला. सांगितलं?"

ललितने तोंड उघडलं. आजींनी त्याचं मनगट दाबलं. ताईच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे. "कोनी नाय ओ," आजी म्हणाल्या. "मलाच तान लागली. मीच मागितला. या पोरीचा काय नाय."

मी मनात म्हटलं, जिंकले. देवाने माझं ऐकलं, ताईचं वर्ष वाचलं. आता फक्त गप्प राहा. ताई, गप्प राहा.

"मी सांगितलं, मॅडम," ताई म्हणाली. आवाज फाटका होता, पण शेवटच्या खाटेपर्यंत गेला. "सकाळी. यांनी विचारलं आणि मी चालेल म्हटलं. माझी चूक आहे."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सिस्टरला बोलावलं, रक्त पाठवलं, डॉक्टरांना निरोप दिला. रिपोर्ट येईपर्यंत ताई खाटेच्या पायथ्याशी उभीच. पोटॅशियम थोडं चढलं होतं, धोक्याच्या अलीकडे. आजींचं घरी जाणं पुढे ढकललं, बाकी काही झालं नाही. आजी ललितला म्हणत होत्या, "तिला बसायला दे रे." ती बसली नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "सांगितलंस म्हणून वेळेत तपासता आलं." आणि त्याच सुरात, "सोमवारपासून. पोस्टिंग. पहिल्यापासून."

मी बाहेर जिन्यात जाऊन भावेशभाईंना फोन लावला.

"कोन, हेतल? बोल बेटा." मी सगळं सांगितलं. मागे गिऱ्हाइकांचा कालवा, कुणीतरी सर्दीची गोळी मागत होतं. "जो बेटा, मी खराब मानूस नाय. पन कंपनी सुटली, न् काउंटरवर मी एकटा. आता वैष्णवीला बसवली. ती ऱ्हाते हितंच, मागच्या चाळीत. मेघालीला सांग, तिचा डबा राहिलाय, घेऊन जा."

ताई बाहेर येऊन पायरीवर बसली होती. "काय म्हणाले?"

भावेशभाई मला असे जमतात की त्यांची बायकोसुद्धा फसेल. मी माझ्याच आवाजात सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. खांदे हलायला लागले.

"ताई, पैज तू जिंकलीस," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि एप्रनच्या बाहीने नाक पुसलं.