आरशातली मान

देवाशी माझं भांडण कधीच नव्हतं, पण ओळखही नव्हती. आई रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे उभी राहून मालवणीत गाऱ्हाणं घालायची आणि मी तिच्या पाठीमागे चहा पीत मोबाईल चाळत बसायचो. आमच्याकडे गाऱ्हाणं एकट्याने घालत नाहीत. एकाने देवाला सांगायचं आणि दुसऱ्यांनी प्रत्येक वाक्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. वडील होते तोवर ते म्हणत. ते गेल्यावर माझी पाळी होती, पण मला लाज वाटे. मग आई स्वतःच सांगायची, जरा थांबायची आणि माझ्याकडे न बघता स्वतःच ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. त्या थांबण्यात ती माझी वाट बघत होती, हे मला कळायचं. तरी मी गप्प बसायचो.

मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छोट्या गाळ्यात काम करतो. रुग्णाच्या स्कॅनवरून आम्ही त्याच्या हाडाचा हुबेहूब प्लॅस्टिकचा नमुना छापतो, आणि त्या हाडावर टोपीसारखा बसणारा एक साचा. साच्याला दोन नळ्या असतात. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर साचा हाडावर बसवतात आणि नळीतून ड्रिल घालतात, म्हणजे स्क्रू ठरल्या वाटेनेच जातो. मानेत ही वाट फार अरुंद असते. एका बाजूला मज्जारज्जू, दुसऱ्या बाजूला मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी. इकडचं तिकडे झालं तर संपलंच.

गेल्या वर्षी आईच्या हातातून वस्तू पडू लागल्या. आधी वाटी, मग उदबत्तीचं घर, मग चालताना पाय अडखळायला लागले. मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवरून सरकत होते. एखादा जोराचा हिसका बसला तर कायमची अंथरुणाला खिळेल, असं डॉक्टर म्हणाले. स्क्रू घालायचे ठरले, पण डावीकडची रक्तवाहिनी हाडात वाकडी शिरलेली होती. तिथे स्क्रू आखूड आणि तिरपा घालावा लागणार होता. साचा आमच्याच गाळ्यात व्हायचा होता.

आमच्याकडे एक नियम आहे. ज्याने साचा केला, त्याने तो तपासायचा नाही. माझं काम सोबत काम करणारी ग्लोरिया तपासते, तिचं मी. पण ही माझी आई होती. मला कोणाचाही हात लागायला नको होता. मी रात्रंदिवस खपून साचा केला, मीच तपासला, तपासणाऱ्याच्या जागी सहीही मीच ठोकली. साचा नमुन्यावर टक्कन बसला. इतका सुंदर बसला की मला स्वतःचाच अभिमान वाटला. मंगळवारी ऑपरेशन होतं आणि सोमवारी सकाळी साचा हॉस्पिटलला द्यायचा होता. आईला धीर यावा म्हणून रविवारी नमुना डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला.

भर दुपारची वेळ. बाहेर इतकं ऊन की सेक्टरमध्ये कुत्रंही भुंकत नव्हतं. आईने स्वतःच्या मानेचं हाड हातात घेतलं आणि बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “ह्यां माझां नाय, झिला.”

मी हसलो. म्हटलं, “अगं, तुझ्याच स्कॅनवरून केलंय.”

ती उठली आणि कपाटाच्या आरशासमोर गेली. महिनाभर तिला स्वतःचं पोलकं घालता येत नव्हतं, हात खांद्याच्या वर जात नव्हते. त्या दुपारी मात्र तिने दोन्ही हात वर नेले आणि ते पांढरं हाड मानेशी धरलं. आरशातल्या हाडाकडे बघत ती शांतपणे म्हणाली, “थयसर दिसता तां माझां. हातातलां नाय.”

तिचा आवाज तिचाच होता, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हातारपणी होतं असं, मी मनाशी म्हटलं आणि नमुना काढून घेतला. तिने देव्हाऱ्यातल्या नारळाला दोन बाजूंना फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. याला आम्ही कौल लावणं म्हणतो. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. “बा देवा म्हाराजा, लेकरान केल्लां काम पुढे न्हेवचां काय?” तिने विचारलं. थोडी थांबली. मी गप्पच. ‘व्हय म्हाराजा’ तीच म्हणाली.

डावी पाकळी सुटून खाली पडली.

“पंख्याच्या वाऱ्याने पडली,” मी म्हणालो.

“पंखो बंद आसा,” आई म्हणाली. “लाईट मगाशीच गेली.”

मी वर पाहिलं. पंखा स्थिर होता. पडदा स्थिर होता. खोलीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खरं सांगतो, मी श्रद्धेने उठलो नाही. मी घाबरून उठलो.

ग्लोरिया गोराईला राहते. मी फोनवर एवढंच म्हणालो, “एकदा येऊन बघशील का? मी तुला न दाखवताच सही केली.” ती म्हणाली, “तू पण ना! थांब, पुढची बोट पकडते.” रविवारचं जेवण टाकून ती खाडी ओलांडून आली. सगळी इस्टेट बंद होती, फक्त आमचा गाळा मी उघडला. तिने मूळ स्कॅन उघडला आणि माझी छपाईची फाईल त्याच्याशेजारी लावली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो उतरत गेला.

“अरे, हे उलटं आहे,” ती हळूच म्हणाली. “डावं उजवीकडे गेलंय.”

आदल्या आठवड्यात मी एका मोडलेल्या जबड्याचं काम केलं होतं. तिथे धड बाजू आरशातल्यासारखी उलटवून मोडकी बाजू घडवतात. सॉफ्टवेअरमधली ती उलटवायची सोय तशीच चालू राहिली होती. डॉक्टरांनी मंजूर केला तो आराखडा बरोबर होता. त्यानंतर छपाईची फाईल मी काढली, तीच उलटली. नमुनाही त्याच फाईलमधून छापला, म्हणून तर साचा त्यावर इतका सुंदर बसला. आईचं हाड मागून दोन्हीकडे जवळजवळ सारखं आहे. तिच्या मानेवरही तो बसला असता, आणि उजवीकडचा लांब स्क्रू डावीकडे सरळ त्या रक्तवाहिनीत गेला असता. माझ्या हाताने. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. ग्लोरियाने छातीवर क्रूस केला आणि मला पाणी दिलं.

ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं. नवा साचा ग्लोरियाने केला, तपासला मी, आणि मग आणखी एकाने. आई बरी झाली. आता वाटी पडत नाही.

पुढे एकदा तिला त्या दुपारबद्दल विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. “आरसो? माझो हात तेव्हा वर तरी जाय होतो काय रे?” तिला काही आठवत नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशी कोण बोललं, हे मला ठाऊक नाही आणि आता ते जाणून घ्यायचा हट्टही नाही. एवढंच कळलं की माझं प्रेम खरं होतं, पण ‘मीच करणार, मीच बघणार’ यात दुसऱ्या कोणाला जागाच नव्हती. माणसाला नाही, देवालाही नाही.

हॉस्पिटलमधून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी आई गळ्यात पट्टा बांधून देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. “बा देवा म्हाराजा, लेकराचां काय चुकला-माकला आसात, तर सांभाळून घे,” ती म्हणाली आणि नेहमीसारखी थांबली. मी चहाचा कप खाली ठेवला, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “व्हय म्हाराजा.”