जेवण तयार आहे

"हा इथे काय करतोय?" अध्यक्ष माझ्या कानात ओरडत होता, आणि ओरडताना त्याचे दोन्ही हात गवयाच्या हातात होते.

हात सोडायची सोय नव्हती. मंचावरून एक बाई माइकवर डच भाषेत नाच सांगत होती, तिच्यामागे पाचसहा जण व्हायोलिनसारख्या फिडली आणि बासऱ्या घेऊन असे सुटले होते की जणू मागे पोलीस लागलेत, आणि खाली गवतावर आम्ही शेकडो माणसं, मला तर तेव्हा लाखभर वाटली, जोड्या करून गरगर फिरत होतो. डावीकडे म्हटलं की सगळे डावीकडे जात आणि मी उजवीकडे. कुणी मध्येच हात सोडला असता तर अर्धा नेदरलँड्स पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला असता आणि उरलेला अर्धा समुद्रात गेला असता. म्हणून अध्यक्ष हात न सोडता ओरडत होता, गवई हात न सोडता दुसरीकडे बघत होता, आणि मी शेजारच्या जोडीतून, एका डच आजीबाईंच्या पकडीत, काही ऐकू येत नाही असा चेहरा करून होतो. त्या आजीबाईंनी एकेकाळी बैल धरले असावेत.

अध्यक्ष म्हणजे आमच्या आइंडहोव्हनच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. गवई म्हणजे आमच्यातला सुरात गाणारा एकमेव. आम्ही तिघं पुण्याहून कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या यंत्रांच्या कामावर एकदमच आलो. पहिली थंडी एका फ्लॅटात, एका कुकरवर काढली. कुकरच्या शिट्ट्या अध्यक्ष मोजायचा, तेव्हा गवई गात असायचा, आणि मी खायचो. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं.

मग गेल्या दिवाळीचा कार्यक्रम आला. गवयाने एका नाट्यपदाची तयारी अशी केली होती की त्याच्या भिंतीपलीकडची डच शेजारीण भांडी घासताना आलाप घ्यायला लागली होती. हॉल भरलेला. पद रंगलं, तान वर चढली, चढतच गेली, आणि ती शिखरावर असताना अध्यक्षाने बाजूच्या माइकवर जाहीर केलं, "मंडळी, जेवण तयार आहे. लहान मुलांनी आधी." वास्तविक लहान मुलं जागची हलली नाहीत. मोठ्यांची अशी चेंगराचेंगरी झाली की श्रीखंडाच्या पातेल्यापाशी दोन चष्मे आणि एक नथ सापडली. गवयाची तान वर छताशी अडकली ती अडकलीच. हॉलवाल्यांना ती अजून ऐकू येत असेल.

अध्यक्षाचं म्हणणं, पुऱ्या गार होत होत्या. गवयाचं म्हणणं काहीच नव्हतं. त्याने दुसऱ्याच आठवड्यात दुसरं मंडळ काढलं.

तेव्हापासून आमच्या गावात दोन मंडळं झाली. संक्रांतीला दोन हळदीकुंकवं एकाच संध्याकाळी, त्यामुळे बायका नऊवारी खोचून सायकलवरून एकीकडून दुसरीकडे धावत होत्या. मी दोन्हीकडचा सभासद. तत्त्वाचा प्रश्न आहे, दोन्हीकडे जेवण चांगलं असतं. पण नव्या मंडळात सगळं असूनही गाणं नव्हतं. गवयाने तंबोऱ्याचं ॲपसुद्धा फोनवरून काढून टाकलं होतं. गा म्हटलं की म्हणायचा, घसा बसलाय. एवढे महिने घसा बसला असता तर इथल्या डॉक्टरनेसुद्धा पॅरासिटामॉलच्या पलीकडचं काहीतरी दिलं असतं. आणि अध्यक्ष मला फोन करून आडून आडून विचारायचा, "तिकडे काय म्हणतायत?" तिकडे म्हणजे कोण, हे तोंडाने म्हणायचं नाही.

तर मी एक बेत केला. शहराबाहेरच्या बागेत आयरिश संगीताची जत्रा होती. दोघांनाही सांगितलं की दुसरा सुट्टीवर पुण्याला गेलाय. दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावलं आणि दारातच एकेकाला आयरिश सोंगाची हिरवी टोपी आणि कानाला अडकवायची नारिंगी दाढी चढवली. म्हटलं, आधी ओळख न पटता दोन घटका एकत्र हसू देत, मग दाढ्या काढू. बेत इतका पक्का होता की मला माझाच अभिमान वाटला. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तिथे प्रत्येकाला टोपी होती आणि प्रत्येकाला दाढी होती. बायकांना होती, बाबागाडीतल्या बाळांना होती, एका कुत्र्याला होती. पाच मिनिटांत मलाच कळेना कुठली दाढी कुणाची. आयरिश माणूस तर औषधाला सापडेना. सगळे डच, आयरिश झालेले, आणि आम्ही त्यांच्यात डचांसारखे आयरिश व्हायला बघतोय.

नाच सुरू झाला तसा मंचावरच्या बाईने जोड्या बदलवल्या, पुन्हा बदलवल्या, आणि मी काहीही न करता हे दोघं एकमेकांसमोर आले. मी शपथेवर सांगतो, दोन फेऱ्या ते हसत नाचले. अध्यक्षाने तर गवयाला कमरेला धरून उचललं. मग वारा आला. इथला वारा म्हणजे सायकलवरचा माणूस सायकलसकट बेल्जियमला नेऊन ठेवतो, दाढीचं काय घेऊन बसलात. दोन्ही दाढ्या एकदम गळ्यात उतरल्या, आणि अध्यक्ष माझ्या कानात ओरडला तो तेव्हा.

फिडली थांबल्या तसा अध्यक्ष उजवीकडे गेला आणि गवई डावीकडे. की उलट? मी मधोमध उभा. एकाच्या मागे जावं तर दुसरा म्हणणार, बघा, हा तिकडचाच. शेवटी ओळखीची चाल दिसली म्हणून एका हिरव्या टोपीच्या मागे पळालो, खांदा धरला आणि मनात साठलेलं सगळं मराठीत ओतलं. म्हटलं, अरे, एका कुकरवर जेवलो आपण, एका तानेसाठी एवढं ताणायचं का? त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग दाढी खाली करून इंग्रजीत म्हणाला की तो झ्वोल गावचा डच आहे, पण एकंदर माझं म्हणणं त्याला पटतंय.

तोवर दोघंही गायब. मी एका तंबूत डोकावलो, दुसऱ्यात डोकावलो. कुठल्या तंबूत होतो हेही कळेनासं झालं. शेवटच्या छोट्या तंबूत गवई सापडला. तिथे दहाबारा जण खुर्च्यांचं कडं करून वाजवत बसले होते, मंच नाही, माइक नाही, बाकीचे मागे उभे. गवयाला रिकामी खुर्ची दिसली, तो बसला. आपल्या माणसाला रिकामी खुर्ची दिसली की तो बसतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पण कड्यातली खुर्ची वाजवणाऱ्याची किंवा गाणाऱ्याची असते, हे त्याला कोण सांगणार? शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मांडीवरची छोटी पेटी मिटली आणि त्याच्याकडे बोट केलं. सबंध जत्रेत मला भेटलेली ती एकमेव खरी आयरिश. ती म्हणाली, आता तुझी पाळी, येत असेल ते गा, इथे घाई नाही.

गवयाने घशाकडे बोट दाखवलं. बाई म्हणाली, घसा दिसतोय मला, म्हणूनच सांगतेय. गवयाने माझ्याकडे पाहिलं. मी काय करू? मी वर छताकडे पाहिलं.

शेवटी त्याने सा लावला. बारीक, कापरा. आणि नेमकं तेव्हाच तंबूच्या तोंडाशी अध्यक्ष उगवला. दोन्ही हातांत मिळून तीन पुडे, गरम बटाट्याच्या फ्राइजचे, वर मेयोनीजचे ढिगारे. माणूस कितीही संतापला तरी एकट्यापुरतं घेत नाही, हा त्याचा जुना रोग. मला पाहताच त्याने सवयीने दिवाळीचा तोच आवाज लावला, "अरे चला, जे…"

सा थांबला. सगळा तंबू वळला. गवई अध्यक्षाकडे बघत राहिला, आणि माझे पाय बागेतून निघून मुंबईच्या विमानात बसले. आता काय होणार, कोण उठणार, कोण कुणाला काय बोलणार, मला काही सुचेना. अध्यक्षाचं तोंड त्या 'जे'वर उघडंच होतं. मग त्याने ते मिटलं.

गवयाने पुन्हा सा लावला आणि तेच पद उचललं.

मागून बियरचा ट्रे घेतलेला एक जण मोठ्याने बोलत आत शिरायला लागला. अध्यक्षाने तंबूच्या दारात कोपरं पसरली आणि त्याला पोटाने अडवलं. मग एक बाबागाडी आली, तीही अडली. मग हसत-खिदळत आलेला एक घोळका. अध्यक्षाने पुड्यासकट एक बोट कसंबसं ओठावर नेलं, मेयोनीज मिशीला लागलं, पुसायला हात नव्हता. वारा थेट त्या पुड्यांत शिरत होता. पाठ गायनाकडे, तोंड गर्दीकडे, असा तो उभा राहिला, अख्खं पद संपेपर्यंत. तान वर चढली, दिवाळीला तुटली होती तिथे आली. अध्यक्षाची मान खांद्यांत गेली. तान तिथून पुढे गेली, वळली आणि खाली आली, समेवर.

टाळ्या वाजल्या. बाईने पेटी पुन्हा उघडली. अध्यक्षाने दार मोकळं केलं आणि बाहेर जाऊन गवतावर उभा राहिला.

गवई बाहेर आला. दोघांच्या गळ्यात दाढ्या लोंबत होत्या. कुणी कुणाकडे बघेना. मी मुद्दाम बुटाची नाडी सोडली आणि बांधायला बसलो.

"कसं झालं?" गवयाने गवताकडे बघत विचारलं.

अध्यक्षाने एक पुडा पुढे केला.

"बटाटे गार झाले," तो म्हणाला.