निंबावरचा बेशुद्ध

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मागे एकाला हा किस्सा सांगताना त्याच्या नाकातून चहा आला होता. आणि आधीच सांगून ठेवतो, झाडावर चढण्यात माझा हात धरणारा आमच्या दोंडाईच्याच्या बाजूला कोणी नाही. शाळा नववीत सुटली, पण झाड मला कधी सुटलं नाही. फांदीला नुसती थाप मारून सांगतो, आतून भरीव आहे की पोकळ.

तरी माझं नाक कापलं ते झाडावरच!

झालं असं, की आम्हा झाडं छाटणाऱ्यांची एक संघटना आहे. आता तुम्ही म्हणाल, फांद्या तोडायला संघटना कशाला? अहो, पूर्वी आम्ही लुंगी खोचून चढायचो. पडला तर पडला! संघटनेने दोर दिला, पट्टा दिला, डोक्याला टोप दिला. आणि एक कार्डही देते. ते कार्ड असलं की नरडाण्याच्या कारखान्यांत झाडं छाटायचं वर्षभराचं काम मिळतं. कार्ड नाही, तर गेटच्या आत पाय नाही. मला ते कार्ड हवं होतं. किती हवं होतं विचारू नका, ठेवायला खिसासुद्धा शिवून घेतला होता!

धुळ्यात एका हॉलवर प्रशिक्षण होतं. शेवटी परीक्षा. झाडावरचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याला खाली कसं आणायचं? आमचे अध्यक्ष नाना, अंगाने पिंपासारखे आणि आवाजाने भोंग्यासारखे. त्यांनी बेशुद्ध म्हणून मला निवडलं.

"भटू, तू असाही बोलत नाहीस. हे काम तुझंच! हॉलच्या मागच्या निंबावर चढ आणि माझं भाषण संपलं की लटक. आम्ही येतो. मी 'ऊठ' म्हणत नाही तोवर डोळा उघडायचा नाही. पापणी हलली तर कार्ड विसर."

मी मान हलवली.

मागे जाऊन निंबाला थाप मारली. ढब्ब! आतून पोकळ. अशा झाडावर माणूस लटकवायचा? मी काही नवखा नाही. हॉलच्या पुढे, रस्त्याच्या कडेला दुसरा निंब होता, भरीव, पहिलवानासारखा. मनात म्हटलं, हाच!

आता हे नानांना सांगायला नको का? हवं. पण नाना स्टेजवर माइकपुढे, बाजूला नरडाण्याचे साहेब, समोर शे-दीडशे माणसं. एवढ्यांच्या देखत स्टेजवर जाऊन कानात कुजबुजायचं? त्यापेक्षा झाडावर चढणं सोपं. चढलो! कमरेला करवत लावली. खरं तर माझा कोयता लावायचा होता, वडिलांनी लोहाराकडून खास घडवून घेतलेला. पण तो दिवाळीपासून हरवला होता.

वर जाऊन पट्टा अडकवला. आत टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हटलं, भाषण संपलं! मान टाकली, हातपाय सोडले, डोळे मिटले.

त्या टाळ्या साहेबांना हार घातल्याच्या होत्या. भाषण पुढेच होतं. पण मला काय माहीत?

जरा वेळाने खालून आवाज आला, "माय वं! कोना पोऱ्या शे रे हाऊ? हालत बी नही!"

एका अक्काचा आवाज. मी मनात म्हटलं, वा रे नाना! परीक्षेला चक्क रडणारी बाई आणली!

"दोन जुड्या मेथी इकी मी, तवढामा हाऊ वर जाईसन मरी गया! तरणाताठा पोऱ्या! लगीन बी नही व्हयनं व्हई बिचाराना!"

काय काम करते हो बाई! नाटकमंडळीतली असणार. लगीन नाही झालं हे तर तंतोतंत खरं होतं. नानांनी माझी माहितीसुद्धा देऊन ठेवलेली दिसते!

गर्दी वाढली. "हात नका लावू झाडाले! करंट लागना त्याले!" कोणीतरी ओरडलं. वास्तविक विजेची तार रस्त्याच्या पलीकडे. पण मी काय बोलणार? मी बेशुद्ध. त्यात एक मुंगळा माझ्या ओठावरून नाकात शिरायला बघत होता. नाकसुद्धा फेंदारलं नाही मी. कार्ड!

"वीजवाल्यांना फोन लावा! लाइन बंद करा!"

आणि खरंच सगळ्या गल्लीची लाइन बंद झाली! समोरची पिठाची गिरणी घरघरत थांबली. गिरणीवाले बाहेर येऊन ओरडले, "अरे, दळण अर्धं अडकलंय! कोण मेलंय?"

"हाऊ दखा ना, हाऊ!"

मी थक्क! गिरणी बंद करण्यापर्यंत तयारी? कोण म्हणतं आमची संघटना लहान आहे?

लाइन गेली तसा हॉलमधला नानांचा माइक बंद पडला. नाना काय झालं म्हणून बाहेर आले आणि वर बघून किंचाळले, "अरे देवा! हा तर आपला भटू! मागच्या झाडाचा इकडे कसा आला? खरंच पडला बेशुद्ध! दोर आणा! पळा!"

मला वाटलं, नानासुद्धा काय सोंग वठवतात! आली परीक्षा.

माझा जोडीदार पंडित दुसरा दोर टाकून सरसर वर आला. आम्ही लहानपणापासून एका झाडावर चढणारे. त्याने मला मिठीत घेतलं, माझा पट्टा स्वतःच्या दोराला जोडला आणि कानाशी हुंदका दिला.

"भटू, डोया उघाड रे भाऊ! तुनी मायले मी काय सांगू?"

माझ्या गालावर गरम थेंब पडला. मी म्हटलं, पंड्या, तुला तर बक्षीस द्यायला हवं!

"तुना कोयता मीच लई गयथू रे! दिवाईपाईन मनाच घर शे! परत दी देसू, पन डोया उघाड!"

काय?

मेल्या! त्या कोयत्यासाठी मी गवताची गंजी उपसली होती आणि हाच माझ्याबरोबर उपसत होता! जीभ अगदी दातापर्यंत आली. पण पापणी हलली तर कार्ड जाणार. सांगा, एवढा संयम एखाद्या साधूला तरी जमेल का?

खाली घोंगडीवर निजवलं. कोणी तळपाय चोळतंय, कोणी कांदा हुंगवतंय. नाना गुडघ्यावर बसले आणि गदगदून म्हणाले, "भटू... ऊठ रे बाबा, ऊठ!"

आली की खूण! मी ताडकन उभा राहिलो, हात जोडले आणि विचारलं, "कसं झालं, नाना?"

अहो, अर्धी गर्दी पळाली! अक्का मेथीच्या पाटीत बसली. डोळे उघडून बघतो तर नाटकमंडळी कुठली? खरी भाजीवाली, खरी गिरणी, खरे वीजवाले आणि खरोखर रडवेला पंडित!

नानांचा चेहरा टोमॅटो. "म्हणजे? तू शुद्धीवर होतास? हे सगळं ऐकत लटकला होतास?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. गिरणीवाल्यांच्या हातात फळी होती. आणि मी, चारचौघांत दोन वाक्यं सलग न बोलणारा, पटकन बोलून बसलो, "नाही नाना! खरंच बेशुद्ध होतो! चक्कर आली. काही म्हणजे काहीच ऐकलं नाही!"

"शप्पथ?"

"आईची!"

फळी खाली गेली. अक्काने पाणी पाजलं. वाचलो म्हणून मी श्वास घेतला, तेवढ्यात नरडाण्याचे साहेब पुढे आले.

"नाना, तुमची पोरं एक नंबर! खरा माणूस उतरवला की! सगळ्यांना घेतो कामावर." मग माझ्याकडे बोट. "हा सोडून. झाडावर चक्कर येणारा माणूस आम्हाला नको."

चक्कर! मला! अहो, मी फांदीवर डुलकी काढलेला माणूस! पण सांगणार कुणाला? आणि नानांनी वर मीठ चोळलंच, "खाली माणूस उभा केल्याशिवाय चढलास ना? पहिलाच नियम! तुझं कार्ड पुढच्या परीक्षेला."

पुढच्या परीक्षेत मी बेशुद्ध नव्हतो, उतरवणारा होतो. पहिला आलो. कार्ड आता खिशात आहे, हे बघा. नरडाण्यालाही लागलो. मी उंच झाडाखाली दिसलो की साहेब अजूनही विचारतात, "बरं वाटतंय ना?"

ते चालेल. पण पंडित रोज माझ्या डोळ्यांसमोर माझ्या कोयत्याने फांद्या उडवतो. मुठीवर वडिलांनी कोरलेला माझा 'भ' आहे, तो ऊन पडलं की चकाकतो. परवा राहवलं नाही. म्हटलं, "पंड्या, दे आता माझा कोयता. तूच कबूल केलंस ना झाडावर?"

त्याने कोयता शांतपणे पुसला, कमरेला लावला आणि म्हणाला,

"कोन्हता कोयता? तू ते बेशुद्ध व्हता ना रे भाऊ! मायनी शप्पथ लीयेल शे तू!"