कोणाले न सांगायची पुडी

आमच्या सोमाजीले गल्लीतली पोरं उंदीरमामा म्हणतात. मी त्याची मोठी बहीण, इंदू. बाजूलेच राहते, अन् पोरांपेक्षा जास्त मीच त्याले चिडवत होती. चंद्रपुरात औषधाच्या एका कॉलेजात पांढऱ्या उंदरायची खोली हाय, तिथं तो नोकरीले. पिंजरे धुवा, भुसा बदला, दाणा-पाणी करा. घरी आला का अंगाले उंदराचा वास. "आधी आंघोळ कर बापा, मंग चहा माग," मी म्हणत होती. तो नुसता हासे. उभ्या जन्मात त्यानं कोणावर आवाज चढवला नाई. घरातलं ओरडायचं सगळं काम माह्याच वाट्याले आलं.

तिथल्या एका मॅडमचा प्रयोग चालू होता. काही उंदरायले दारू द्यायची, काहीयले झोपेचं औषध, अन् काहीयले दोन्ही. सोमानं बाजूले बसून पाहायचं. उंदीर उताणा ठेवला का लगेच पालथा होते. नाई झाला तं झोपला समजायचं. दारूवाला झोपे अन् उठे. औषधवाला बी झोपे अन् उठे. "पण बाई, दोन्ही दिलं ना, थोडं-थोडं जरी दिलं, तं त्याचा एक श्वास आला का दुसऱ्याची वाट पाहा लागते," सोमा सांगे. "मॅडम म्हणते, ही बेरीज नाई, गुणाकार हाय."

"जेवताना उंदीर नको सांगत जाऊ, नाई तं ताट फेकून मारीन," मी म्हटलं होतं.

त्याचा पोरगा निकेश माजरीकडं कोळशाचा ट्रक चालवे. ड्रायव्हर चांगला, पण दारू लय. पिऊन आला का भांडे फेके, बायकोच्या अंगावर धावे. बायको म्हणजे रीता, गरीब गाय. रोज मार खाऊन पोरीनं मनानंच उपाय शोधला. आठवडी बाजारात एक माणूस दारू सोडवायच्या पुड्या विकत होता. जेवणात मिसळून द्यायची, अन् अट एकच. पिणाऱ्याले कळू द्यायचं नाई, कोणाजवळ बोलायचं नाई. सांगितलं तं गुण जाते. अन् आमचं घर जयभीमवालं. बाबा, ताईत, उतारा, असलं काही आमच्या दारात चालत नाई. मंग तं तिनं तोंड आणखीच शिवून घेतलं. त्या पुडीत झोपेच्या गोळ्या कुटून भरल्या होत्या, हे आम्हाले मागाहून तपासणीत समजलं.

पुडी सुरू झाली अन् निकेश शांत झाला. पिऊन ये, गुमान जेवे, खाटेवर पडे. मी तं गल्लीभर सांगत सुटली, पोरगं सुधरलं म्हणून. सोमाले मात्र चैन नाई. पोरगा झोपला का हा खाटेजवळ स्टूल टाकून बसे, त्याच्या छातीकडं पाहत.

"काऊन रे, आता पोराचा बी पिंजरा धुतो काय?" मी म्हटलं.

"बाई, दारूची झोप अशी नसते," तो म्हणे. "हा घोरत नाई, कुशी बदलत नाई. मले भेव वाटून राह्यलं."

त्यानं निकेशले विचारलं, गोळ्या-बिळ्या घेतो काय. निकेशनं रीताच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, "बाबा, दारूशिवाय काही नाई." खोटं नव्हता बोलत बिचारा.

मंग एक दिवस निकेश कोणाच्या तरी लग्नातून भर दुपारी तर्र होऊन आला. रोजच्यापेक्षा जास्त पिला होता. रीता घाबरली, अन् वरणात दोन पुड्या टाकल्या. तो जेवला, झोपला. आम्ही टीव्ही बंद केला. पोरायले हाकललं. भाजीवाल्याले तं मी स्वतः फाटकाशी जाऊन गप केलं, माह्या पोराची झोप मोडू नको म्हणून. अशी अक्कल आमची!

सोमा ड्युटीवरून आला. चप्पल न काढताच आत गेला. निकेशच्या पायाचा अंगठा जोरात चिमटला. पाय हलला नाई. त्यानं पोराले कुशीवर वळवलं अन् ओरडला, "ऑटो बोलवा!" उभ्या जन्मातला त्याचा तो पहिला आवाज. मी अनवाणीच रस्त्याकडं पळाली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दारूसोबत काय घेतलंय ते सांगा. त्यावर उपचार ठरतील."

"नुसत्या दारूनं असा श्वास नाई पडत," सोमा म्हणाला. "दुसरं काहीतरी पोटात हाय." त्यानं मले विचारलं, दोस्तायले फोन लावले. मी निकेशचे खिसे उलटे केले. रीता भिंतीले टेकून, तोंडात पदर कोंबून उभी होती. सोमानं तिच्यासमोर हात जोडले. सासऱ्यानं सुनेसमोर! "पोरी, काही माहीत असन तं सांग. मी रागावत नाई." तिनं मान हलवली. नाई म्हणून.

आतून नर्स धावत आली, श्वासाची मशीन आणा म्हणत. तेव्हा कुठी रीता बोलली. "पुडी दिली. दोन." डॉक्टर पळतच आत गेले. पण निकेश राह्यला नाई. दुसऱ्या दिवशी पोस्टमार्टम झाल्यावर आम्ही त्याले घरी आणलं.

सगळं आटोपल्यावर सोमा तिच्याजवळ बसला. "तुले माहीत नव्हतं, पोरी. तुही चूक नाई."

रीतानं त्याच्याकडं पाहिलं. "चूक तुमची हाय मामाजी. मी गप होती तोवर तो श्वास घेत होता. तुम्ही माह्या तोंडून वदवून घेतलं, अन् गुण गेला."

सोमा लहान लेकरासारखा रडला. मले इतका संताप आला का पोरीच्या कानाखाली द्यावी वाटलं. अन् तिचं तोंड पाहून हातच उचलला नाई. गल्लीतल्या बायायले मात्र तिचं म्हणणं पटलं. पोलीस पुडीवाल्याचं विचारायले आले, तं एकीनंही त्याले पाहिलं नव्हतं. आता सोमा सुट्टीच्या दिवशी घरोघरी जाऊन सांगते, दारूवर झोपेचं काही देऊ नका म्हणून. बाया दारातच उभ्या राहतात. "आमच्या घरी असलं काही नाई, भाऊ," म्हणतात. अन् मागं खाटेवर नवरा भर दुपारी गाढ झोपला असते.