सिग्नलला तापणारी गाडी

व्यायामताईच्या सहनशक्तीचं तिच्या पेशंटना भारी कौतुक. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना ती घरोघरी जाऊन पुन्हा पायांवर उभं करायची. समोरच्याचा गुडघा तसूभरही हलत नसला तरी तिचा आवाज कधी चढला नाही. मग थोरल्या भावाने आपली जुनी गाडी तिच्या गळ्यात मारली आणि ताई चौकाचौकात दातओठ खाऊ लागली.

मोकळ्या रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी धावायची. सिग्नलला थांबली, की तापमानाचा काटा वर सरकलाच. मग वाफ, मागच्यांचे हॉर्न आणि ताईचा लालबुंद चेहरा. गॅरेजवाल्याने तिला एक युक्ती शिकवली होती : काटा चढला की हीटर पूर्ण सोडायचा, इंजिनाची धग थोडी आत येते. भर उन्हात हीटर! पेशंटच्या दारात ताई निथळत पोचायची. अर्धांगवायू झालेले एक आजोबा म्हणाले, "आज माझाही व्यायाम तुम्हीच उरकून आलात वाटतं!"

गॅरेजवाला माणूस गोड, आणि तेच तिला जास्त झोंबायचं. त्याने थर्मोस्टॅट बदलला. मग रेडिएटरचं झाकण. मग रेडिएटरच काढून आतून धुतला, आणि शेवटी पाण्याचा पंप नवा टाकला. दर वेळी हायवेला एक चक्कर मारून यायचा आणि मध्यावर थांबलेला काटा दाखवायचा. "बघा ताई, आता बिनघोर जा." ताई निघायची, आणि पहिल्याच चौकात वाफ.

नवऱ्याने शेजारच्या सीटवरून निदान केलं, "तू क्लच फार दाबतेस."

"क्लचचा आणि पाण्याचा काय संबंध?"

"असतो," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघू लागला.

भाऊ फोनवर म्हणाला, "माझ्याकडे कधी तापली नाही बुवा. उलट तुला द्यायच्या आधी रेडिएटरच्या पंख्याला नवी मोटर बसवून दिली!"

नव्या पंपानंतरही चौकात वाफ आली, तेव्हा ताई तिथूनच तडक गॅरेजमध्ये गेली. "आता चक्कर मारायची नाही. गाडी थांबल्यावर तापते ना? मग इथेच चालू ठेवा आणि बघा."

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं. काटा चढला, पंखा सुरू झाला. "पंखा तर झकास फिरतोय," तो म्हणाला.

ताई कमरेवर हात ठेवून गाडीच्या तोंडाशी उभी होती. पुढच्या जाळीतून गरम झोत तिच्या पायांवर आला.

"हा पंखा हवा आत ओढतो की बाहेर फेकतो?"

"आत. पुढची गार हवा रेडिएटरमधून इंजिनाकडे जाते."

"मग माझ्या पायांवर ही भट्टी कुठून येतेय?"

त्याने हातातलं फडकं जाळीसमोर धरलं. ते जाळीला चिकटायला हवं होतं. ते ताईच्या दिशेने फडफडायला लागलं.

"उलटा फिरतोय," तो पुटपुटला. मोटरच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या होत्या. धावत्या गाडीला समोरचा वाराच गार ठेवायचा, म्हणून हायवेवर काही कळत नव्हतं. पंखा फिरताना दिसतोय म्हणजे ठीकच, असं धरून कुणी तिथे हातच लावला नव्हता.

त्याने तारांची अदलाबदल केली. काटा थोडा चढला आणि आपणहून खाली आला. ताईला आनंद झाला म्हणावं, तर नाही. ती स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "माझा जुना पंप चांगला होता ना?" गॅरेजवाला एक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

तिने भावाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मोटर चांगलीच निघाली की!"

"दादा, वहिनीला फोन दे."

वहिनी आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "अगं, ती मोटर यांनी घरीच बसवली. मला उजेडासाठी टॉर्च धरून उभं केलं होतं. मी म्हटलं, मेकॅनिकला दाखवा, तर माझ्यावरच खेकसले."

दुसऱ्या दिवशी चौकात गाड्यांची ही रांग लागली होती. काटा मध्यावर होता. ताईची नजर मात्र त्याच्यावरून हलेना. सिग्नल हिरवा झालेला तिला कळलाच नाही. मागून हॉर्न वाजला.

"निघाले हो, निघाले!" ती ओरडली आणि गिअर टाकला.